शालनआत्याच्या वाफ्यातली भेसळ

“औंदा आक्काच्या वाफ्यात भेसळ लई दिसंल बघ. बघाय कोण हाय आता?”

पडवीत कुणीतरी हे म्हणालं तेव्हा मी चहाचे कप गोळा करत होते. आत्याचं, म्हणजे गावाच्या आक्काचं, दहावं झालं होतं. पाहुणे जेवून सुपारी कातरत बसले होते आणि बोलणं तिच्यावरून पावसाकडं, पावसावरून भाताकडं वळलं होतं. आप्पा, म्हणजे माझे धाकटे काका, भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडताच ते म्हणाले की त्याची काळजी कुणी करू नये, लोंब्या भरल्या की ते स्वतः वाफ्यात उतरून एकेक वेगळं झाड काढणार, आक्काचा वाफा एकसारखाच दिसला पाहिजे. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या हातातले कप एकमेकांवर वाजले. “जरा दमानं, कॉन्व्हेंटच्या बाई,” असं कुणीतरी म्हणालं, तशी मी हसले आणि आत गेले.

भाताच्या शेतात मधेच एखादं वेगळं झाड दिसतं. बाकीच्यांपेक्षा उंच, किंवा निराळ्या दाण्याचं. त्याला भेसळ म्हणतात. बियाण्यासाठी भात करणारा शेतकरी अशी झाडं मुळासकट उपटतो, नाहीतर पुढच्या वर्षी सगळं बियाणं बिघडतं. आप्पांचा या कामातला हात आमच्या भागात नावाजलेला आहे. पण माझ्या आत्यानं त्या वाफ्यात कितीतरी वर्षं अशाच एका वेगळ्या झाडाची वाट पाहिली होती. पडवीत बसलेल्या माणसांपैकी हे कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि ते आप्पांना सांगायचं नाही असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

शालनआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तिनं वनस्पतिशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हेही कधी सांगितलं नाही. निवृत्तीनंतर दोन खोल्यांच्या घरात ती आणि तिचा मायक्रोस्कोप, असे दोघंच राहायचे. राधानगरीच्या अलीकडं आमचं गाव आहे. तिथल्या शेताचा एक कोपरा आप्पांनी तिला दिला होता. ओढ्याकडचा, चांगल्या पाण्याचा. काय करणार म्हणून विचारलं नाही, किती वर्षं म्हणूनही विचारलं नाही. पावसाळ्याचे चार महिने ती दर आठवड्याला तिथं जायची. यंदा श्रावणात अशीच रंकाळा स्टँडवर गाडीची वाट बघत बसली होती. गाडी आली, लोक चढले, ती उठली नाही. कंडक्टरला वाटलं म्हातारीला डोळा लागला... तिच्या फोनवरून मला फोन आला तेव्हा पलीकडं अनोळखी पुरुषाचा आवाज होता. ताई, हा फोन ज्यांचा हाय त्या तुमच्या कोण, असं त्यानं विचारलं. घाबरले की मी इंग्रजीत बोलते. तशीच बोलले. त्याला कळलं नाही. मग मी म्हणाले, “आत्या.” तोवर मला समजलं होतं.

लहानपणी मी कुणाशीच फारसं बोलायची नाही. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडं वाटायचं की आपलं काहीतरी चुकणार. गावाकडच्या लग्नात भावंडं मला काहीतरी बोलायला लावायची आणि माझे उच्चार ऐकून हसायची. त्यात दुष्टावा नव्हता, पण मी गप्प होत गेले. मग आईनं शनिवारी मला आत्याकडं पाठवायला सुरुवात केली. आत्या मला बोलायला लावायची नाही. स्टुलावर बसवायची आणि डोळा लावायला सांगायची. कांद्याच्या फुलोऱ्यातल्या कोवळ्या कळ्या ती सकाळी खुडून औषधात घालून ठेवायची. त्यातला परागकोश सुईनं काढायचा, लाल रंगाच्या थेंबात चिरडायचा, वर काच ठेवायची, टिपकागद ठेवून अंगठ्यानं दाबायचं. काच सरकली की सगळं वाया. माझी सरकायचीच. ती पुढची कळी द्यायची.

भातावर काम करणारी बाई कांदा का बघते, हे मी बऱ्याच उशिरा विचारलं. भाताची गुणसूत्रं फार बारीक असतात, कांद्याची थोराड, शिकायला बरी, असं ती म्हणाली. मग तिनं मला जे दाखवलं ते मी अजून डोळे मिटून बघू शकते. पराग तयार होण्याआधी पेशीत अर्धगुणसूत्री विभाजन होतं. आईकडून आलेलं गुणसूत्र आणि बापाकडून आलेलं त्याचं जोडीदार गुणसूत्र शेजारी शेजारी येतात, एकमेकांना बिलगतात, आणि काही ठिकाणी तुटून परस्परांचे तुकडे घेऊन पुन्हा जुळतात. जिथं अशी अदलाबदल झालेली असते तिथं दोघं दूर होतानाही फुलीसारखी अडकून राहतात. त्या फुल्या मला दिसल्या. एका जोडीवर एखाद-दुसरी, क्वचित जास्त. मला वाटलं होतं त्या कुठंही पडत असतील. आत्या म्हणाली, तसं नसतं. गव्हात बघ, जवात बघ, बहुतेक अदलाबदल टोकांकडं होते. गुणसूत्रबिंदूच्या, म्हणजे गुणसूत्र कमरेसारखं आवळलेलं असतं त्या जागेच्या, आसपासचा मधला लांबलचक भाग पिढ्यान् पिढ्या जसाच्या तसा पुढं जातो.

ती लग्नातल्या पंगतीचं उदाहरण द्यायची. पंगतीच्या टोकांना बसलेली पोरं जिलबी देऊन पापड घेतात, कुणाचं काय कुणाच्या ताटात गेलं पत्ता लागत नाही. मधोमध बसलेल्या थोरामोठ्यांच्या ताटातलं मात्र तिथंच राहतं. भातात टोकं आणि मध्य यांत गव्हाइतका फरक नाही, पण बिंदूपाशी भातातही शुकशुकाटच. मग एका प्रकारच्या पातीच्या कांद्यात सगळं उलटं आहे हेही तिनंच सांगितलं. त्याच्या फुल्या बिंदूच्या जवळच पडतात. “म्हणजे हा नियम नव्हं,” ती म्हणाली, “सवय हाय त्यांची.” घरात ती शुद्ध बोलायची, पण एखादी गोष्ट मनापासून आवडली की तिच्या तोंडात गाव यायचं. गावाकडं गेली की आमच्याकडच्या बायकांसारखी “मी येतो, मी जातो” म्हणायची, आणि कॉलेजातलं कुणी भेटलं की पुन्हा “मी येते.” मला हे जमलं असतं तर फार बरं झालं असतं असं मला वाटायचं.

तिचा स्वतःचा प्रश्न त्या शुकशुकाटातच अडकला होता. आमच्याकडच्या घनसाळ भाताला वास आहे, दाणा नाजूक आहे, पण आमच्या पावसात त्याच्यावर करपा पडतो. पानांवर ठिपके येतात, लोंबीची मान काळी पडते, दाणा भरत नाही. दुसऱ्या एका जाड्या भातात करपा न लागण्याचा गुण होता. आत्यानं दोघांचा संकर केला. कात्रीनं फुलाचं टोक कापून, आतले पुंकेसर चिमट्यानं काढून, कागदाची पिशवी घालून. नंतर त्यातल्या निरोगी झाडांचा पुन्हा घनसाळशी, पुन्हा घनसाळशी. वास लवकर आला, तो गुण दुसऱ्याच गुणसूत्रावर होता. पण करपा न लागणारं प्रत्येक झाड जाड दाण्याचं निघायचं, आणि नाजूक दाण्याचं प्रत्येक झाड करप्यानं जायचं. दोन्ही गुण बिंदूला लागून, एकमेकांशेजारी बसले होते. त्यांच्या मधोमध एकदा, फक्त एकदा तुटायला हवं होतं. ते कधी होईल हे कुणालाच सांगता येत नाही. उन्हाळ्यात वाढवलेल्या जवात फुल्या थोड्या आत सरकतात असं तिनं वाचलं होतं, म्हणून एका वर्षी उन्हाळी भातही लावून बघितलं. भातानं ऐकलं नाही.

लोक तिला विचारायचे, झालं का तुमचं भात. ती म्हणायची, होतंय. हे होतंय इतकी वर्षं चाललं की शेवटी लोकांनी विचारणं सोडलं. मीही शिकायला पुण्याला गेले, परत आले, कसबा बावड्यातल्या घरी बसून कंपनीचं काम करू लागले. दिवसभर कानात दूरच्या माणसांचे आवाज, आणि संध्याकाळी लक्षात यायचं की आज आपण आपल्या भाषेत कुणाशीच बोललो नाही. तेवढ्यात आत्याचा फोन यायचा. बावड्यात पाऊस आहे का, एवढंच ती विचारायची. मी आहे किंवा नाही म्हणायची. इकडं नाही, किंवा इकडंही आहे, असं ती सांगायची. मग दोघी थोडा वेळ गप्प... आणि ती ठेवून द्यायची. दोघी एकाच शहरात, मधे जेमतेम पंचगंगेचा एक घाट आणि बाजार, पाऊस तो काय वेगळा पडणार. आता पडतो तेव्हा मी खिडकीशी जाऊन बघते. कुणी विचारत नाही.

पंगतीच्या मधोमध बसणाऱ्यांसारख्या आपण दोघी आहोत, असं मी तिला एकदा सांगणार होते. सांगितलं नाही ते बरंच. भाताला भात राहू दे, त्याच्यात माणसं घालू नको, असं म्हणाली असती.

इथवर लिहून झाल्यावर, पुढचं लिहू का, हे मी आप्पांना विचारलं. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “लिही की. खरं हाय ते.”

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या सुमारास आत्या गावाहून परतली ती सरळ माझ्याकडं बावड्याला आली. चपला न काढताच उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, एक दिसलंय. करपा न लागलेल्या जाड दाण्याच्या ओळीत एक झाड होतं, पानं स्वच्छ, मान हिरवी, आणि दाणा घनसाळचा. दाण्यातलं दूध अजून सुकलं नव्हतं, म्हणून तिनं लोंबी कापली नाही. खूण बांधायला जवळ काही नव्हतं, पण जागा पक्की डोक्यात होती. मी तिला इतकं बोलताना कधी बघितलं नव्हतं. एक झाड म्हणजे काहीच नाही, पुढच्या वर्षी त्याचं बी लावून बघायला हवं, खरंच तुटलंय की नुसतं तसं दिसतंय, असं ती स्वतःलाच पुन्हा पुन्हा बजावत होती, आणि हसत होती. त्याच आठवड्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही म्हणून सांगितलं. लोंबी पिकायला वेळ आहे, या हिशोबानं तीही शांत होती.

पट्टी निघाल्यावर काळा चष्मा लावून ती गावाला निघाली, सोबत मी. आप्पा बांधावर उभे होते. आक्काला यायला जमत नाही, डोळ्याचा त्रास, तर तिच्या वाफ्याकडं बघणार कोण, म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच ते तिच्या वाफ्यात उतरले होते. सगळा वाफा एका उंचीचा, एका दाण्याचा दिसत होता. फोटो काढावा असा. आप्पांनी अभिमानानं सांगितलं की भेसळ एक ठेवली नाही, काढलेली सगळी म्हशीपुढं टाकली. आत्या बांधावरून चालत त्या जागेपर्यंत गेली. चष्म्यामुळं तिचे डोळे दिसत नव्हते. मग वळून म्हणाली, “बरं केलंस आप्पा.” आणि आम्ही घरी जाऊन दहीभात खाल्ला.

परतीच्या एस.टी.त राधानगरी रस्त्यानं उसाच्या गाड्यांमागं आम्ही रखडत होतो. आत्या खिडकीकडं बघत म्हणाली की आप्पाला हे कधी कळता कामा नये. मी म्हटलं, पण पुढच्या वर्षी त्यांना एवढंच सांग ना की माझ्या वाफ्यातली भेसळ काढू नको. ती म्हणाली, “तो काय खुळा हाय? त्या वर्षी काढलेलं काय होतं, हे लगेच विचारील. मग आयुष्यभर तेच घेऊन बसंल.” जरा वेळानं म्हणाली, सांगणार नाही म्हण. मी म्हटलं, नाही सांगणार. ती रडली नाही. कोल्हापूर आल्यावर उतरताना मात्र तिनं माझा दंड धरला, डोळ्यासाठी असेल.

त्यानंतर तिनं वाफा कधी आप्पांवर सोपवला नाही. लोंब्या बाहेर पडायच्या सुमाराला ती गावात मुक्कामच करायची आणि रोज सकाळी आप्पांच्या आधी वाफ्यात असायची. आक्काला आता वयानं संशय यायला लागलाय, कुणाला हात लावू देत नाही, असं आप्पा थट्टेनं म्हणायचे. ती ते ऐकून घ्यायची. तसं झाड पुन्हा आलं नाही. यंदाही तिनं आषाढात स्वतः उभं राहून रोप लावून घेतलं, आणि लोंब्या यायच्या आधी गेली.

दहाव्यानंतरचे आठवडे मी काय काय ठरवत होते. पप्पांना सांगावं म्हटलं, तर ते आप्पांना सांगणार. आप्पांना खोटं काहीतरी सांगावं, कॉलेजची माणसं येणार आहेत, त्यांना वाफा तसाच हवाय, तर ते कोण, कधी येणार, जेवायला थांबणार का, असं विचारणार. मला खोटं मराठीत बोलता येत नाही, इंग्रजीत येतं. मी फोन उचलायची, नंबर लावायची, आणि पलीकडून आप्पांचा आवाज आला की पावसाचं विचारून ठेवून द्यायची. ते म्हणायचे, अगदी आक्कागत करतीस. एका बाजूला तिनं आयुष्यभर मागितलेली एकच गोष्ट होती आणि दुसऱ्या बाजूला तिनं माझ्याकडं मागितलेली एकच गोष्ट. दोन्ही इतक्या जवळजवळ होत्या की एक सांभाळायची तर दुसरी हातातून जाणार, हे मला कळत होतं.

नवरात्रात पप्पा जेवताना म्हणाले की आप्पा रविवारी आक्काच्या वाफ्यातली भेसळ काढायला घेणार आहे. बी राखून ठेवायचं, वर्षश्राद्धाला त्याचाच भात करायचा, म्हणून वाफा अगदी स्वच्छ हवा असं त्याच्या मनात आहे. रविवारी सकाळी मी स्कूटर काढली. गावात पोचले तेव्हा आप्पा धोतर खोचून वाफ्यात उतरलेले होते. मला बघून त्यांना नवल वाटलं, पण आनंदही झाला. एकटीच आलीस व्हय, म्हणाले. मी बांधावर बसले. भात कमरेला आलं होतं, लोंब्या वाकायला लागल्या होत्या, ओढ्याकडून पाण्याचा वास येत होता. आप्पा ओळीतून सावकाश पुढं सरकत होते. प्रत्येक झाडाशी थांबत, लोंबी तळहातावर घेऊन बघत. इतक्या हळू हातानं काम करणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. करप्यानं गेलेली काही झाडं त्यांनी काढून बांधावर टाकली, ती मी एकेक उलटून बघत होते. त्यांचं बोलणं चालू होतं. लहानपणी आक्का त्यांना पाठीवर घेऊन हाच ओढा ओलांडायची. शाळेत तिनं घातलं. तिला कधी काही देता आलं नाही, हा एवढा तुकडा सोडला तर... निदान तो तरी तिच्या मनासारखा राखायचा.

मग ते थांबले. जाड दाण्याच्या ओळीत, मधोमध, एक झाड होतं. बांधावरूनही दिसत होतं. पानं स्वच्छ. लोंबी बारीक, नाजूक. तेच ते होतं का, मला माहीत नाही. ते कळायला बी लावावं लागेल, दोन-तीन वर्षं जातील, आणि कदाचित ते नुसतंच कुठून तरी आलेलं घनसाळ असेल. आत्यानंही तेच सांगितलं असतं. ते वेगळं होतं, एवढंच खरं. आप्पा म्हणाले, हे बघ, कुठनं येतंय की... आणि खाली वाकून त्यांनी बुडाशी मूठ आवळली.

मी उठून उभी राहिले. चहा घेऊया का, असं मी म्हणाले. ते म्हणाले, एवढं काढतो आन् येतो. त्यांचा चेहरा वर वळलेला होता, आत्यासारखाच, कपाळ रुंद, आणि त्यावर घाम. यांना आता आयुष्यभर हे घेऊन बसावं लागणार, हे मला दिसत होतं. तिला ते नको होतं. पण ती असती तर या क्षणी वाफ्यात असती, आणि ती नव्हती. मी चपला घालूनच चिखलात उतरले, त्यांच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाले,

“आप्पा, हे उपटू नका. वेगळं दिसतंय तेच आत्याला हवं होतं. त्या वर्षीही तेच हवं होतं.”